एकेचाळिसावं मिनिट

तिला अख्खं रुग्णालय तारामावशी म्हणायचं. खरं नाव तारा नव्हतं. सव्वीस वर्षं लोकांच्या डोक्याला तारा चिकटवून ती मेंदूचे आलेख काढत होती, म्हणून कुणा थट्टेखोर नर्सने हे नाव ठेवलं आणि ते तिच्या तारांपेक्षा घट्ट चिकटलं. बाई कामात चोख आणि तोंडाने फटकळ. "हिच्याशी बोलायचं तर आधी हेल्मेट घालावं," असं तिचा नवराच म्हणायचा, तोही ती ऐकत नसताना.

त्या वर्षी मेंदूविभागाच्या प्रमुखांनी एक अभ्यास काढला होता. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. माणूस जागा असताना, झोपलेला असताना आणि भुलीखाली असताना कानात साधे सुटे शब्द सोडायचे आणि मेंदूत ते कुठवर पोचतात ते बघायचं, असा तो अभ्यास. सामील होणाऱ्या पेशंटांना तारामावशी आपल्या भाषेत सांगायची, "कान कधी झोपत नाही. झोपेतसुद्धा शब्द कानामागच्या भागापर्यंत जातो. फरक पडतो तो पुढे. जागेपणी तो भाग कपाळामागच्याला हाक मारतो, टाळूखालच्याला हाक मारतो, ते उलट ओ देतात, तेव्हा कुठे तुम्हाला 'ऐकलं' असं वाटतं. झोपेत या हाका विरळ होतात. भुलीखाली तर दारावर थाप पडते, पण घरातलं कोणी कोणाला उठवत नाही."

शिंपीणबाई या अभ्यासातली एकोणिसावी पेशंट. शाळांचे गणवेश शिवायचं तिचं दुकान होतं, पित्ताशय काढायचं होतं. बाई अंगाने भरलेली आणि आवाजाने त्याहून. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी तारामावशी तिच्या डोक्याला तारा लावत बसली, त्या पाऊण तासात शिंपीणबाईने सर्जनचा उद्धार केला.

"तपासताना काय म्हणाला माहितीये? सगळ्या रांगेसमोर म्हणाला, 'हे पोट नाही, गादी आहे. उसवावी लागणार.' आणि हसला. माझ्या गिऱ्हाइकाची पोरगी उभी होती मागे. मला, शिवणकाम करणारीला, उसवायचं सांगतो!"

"मान हलवू नका," तारामावशी म्हणाली.

"तुम्हालाही काही वाटत नाही का हो?"

"वाटतं. पण मान हलली तर डिंक ओघळतो."

शिंपीणबाई गप्प झाली ती रागाने. मग शब्द ऐकत ऐकत तिला डुलकी लागली, आलेख छान आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं.

भूल द्यायला होता तारामावशीचा सख्खा धाकटा दीर. दोघे भाऊ एकाच घरात राहत, थोरला खाली, धाकटा वर. भाऊजी हुशार डॉक्टर, हात हलका, पण सवयी स्वतःच्या. औषधाच्या पंपाचा अलार्म तो सुरुवातीलाच मुका करून ठेवायचा, कारण सर्जनला बीपबीप खपत नसे. तारामावशी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली होती. शिंपीणबाईच्या कानात इअरफोन, त्यांतून संगणक एकेक शब्द सोडतोय. सर्जनचा घसा बसलेला, त्यामुळे त्या दिवशी तो हाताच्या खुणांनीच हत्यारं मागत होता. दीड तासात काम आटपलं. मधे एकदा भाऊजी फॉर्म भरता भरता दचकून उठला आणि त्याने पंपातली रिकामी सिरिंज काढून नवी बसवली. तारामावशीने ते पाहिलं. सिरिंजा संपतातच, असं वाटून पुन्हा स्क्रीनकडे वळली.

नवव्या दिवशी तक्रार आली. शिंपीणबाईने दोन पानं लिहिली होती आणि एकही टाका सैल नव्हता. 'माझं पोट उघडताना मी जागी होते. सर्जन म्हणाले, गादी उसवतोय. सगळे हसले. मी ओरडू शकले नाही. मला न्याय हवा.'

सर्जन भडकला. त्याच्या तोंडाची कीर्ती अशी होती की अर्ध्या रुग्णालयाने तक्रार वाचताक्षणी खरी मानली. भाऊजी मात्र निवांत. संध्याकाळी जिन्यात भेटला तर हसत म्हणाला, "वहिनी, तुमच्या तारांचा एकदा तरी घरच्यांना उपयोग होऊ दे. पोट उघडतानाचा आलेख काढून द्या. बाई गाढ होती, विषय संपला."

"बघते," ती म्हणाली.

तिने बघितलं. पोट उघडलं ते अकराव्या मिनिटाला. आलेख आरशासारखा स्वच्छ होता: शब्द यायचा, कानामागचा भाग हलायचा, आणि पुढे शांतता. हाक नाही, ओ नाही. भाऊजी म्हणाला ते खरं होतं. कागद छापून ती उठली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण अर्धवट पाहून उठायची तिला सवय नव्हती. ती पुढे पुढे सरकत राहिली.

एकेचाळिसाव्या मिनिटाला हाका सुरू झाल्या. आधी एक, मग भराभर. कानामागून कपाळाकडे, कपाळाकडून मागे. आदल्या दुपारी बाई जागी असतानाचा आलेख तिने शेजारी लावला. जुळी भावंडं दिसावीत तसे दोन्ही दिसत होते. दोन मिनिटं चाळीस सेकंद हे चाललं, आणि मग कोणीतरी बटण दाबावं तसं सगळं विझलं.

बाई हलली नव्हती, कारण अंग लुळं ठेवणारं औषध वेगळं असतं आणि त्याचा अंमल सुटला नव्हता. त्या सुमारास काय झालं होतं, ते तिला आठवत होतं. पंपाजवळचा तो दचकलेला माणूस तिने डोळ्यांनी पाहिला होता.

तरीही ती लगेच कोणाला बोलली नाही. कातडीवरचा आलेख घामाने, हिसक्यानेही फसवतो. अभ्यासाच्या नियमाप्रमाणे दहा दिवसांनी पेशंटला भेटून शब्द विचारायचे असतात: चाळीस शब्दांची यादी, त्यातले अर्धे ऐकवलेले, अर्धे न ऐकवलेले. ती यादी घेऊन ती शिंपीणबाईच्या दुकानात गेली.

दुकानात निळ्या गणवेशांचे ढीग होते. शिंपीणबाई मशीनवर बसली होती, डोळ्यांखाली काळं.

"आता काय आणलंत? सही हवी? मिळणार नाही."

"सही नको. काही शब्द वाचते. ओळखीचा वाटला तर हो म्हणायचं."

"माझ्या पोटाची चिरफाड झाली मी जागी असताना, आणि तुम्ही शाळा घेताय?" तिने मशीन थांबवलं. "झोपायला गेले की तेच. छातीवर कोणी बसल्यासारखं. ओढाताण कळतेय, ओरडायला जाते तर तोंड माझं नाहीच. आणि त्या मुंग्या!"

तारामावशीने यादी अजून उघडलीही नव्हती. "कसल्या मुंग्या?"

"मला काय ठाऊक? कोणीतरी मुंगी म्हणालं. मग वाटलं पोटात मुंग्या सोडल्यात, म्हणून ओढतायत बाहेर. तक्रारीत नाही लिहिलं. लोक वेडी म्हणतील." ती कात्री उचलून पुन्हा ठेवत राहिली. "आणि एक कंदील. कुठेच नव्हता, पण कंदील."

तारामावशी यादी न वाचताच परतली. ऑफिसात दार लावून तिने संगणकाची नोंद काढली. शब्दांचा क्रम प्रत्येक पेशंटला वेगळा असे, आणि तो यंत्रच ठरवत असे. 'कंदील' एकदाच पडला होता, बेचाळिसाव्या मिनिटाला. 'मुंगी' दोनदा, एकेचाळिसाव्या आणि त्रेचाळिसाव्या. आदल्या दुपारच्या यादीत दोन्ही नव्हते. ऑपरेशनच्या दीड तासात बाकी साडेचारशे शब्द त्या बाईच्या कानात पडले होते, त्यांतला एकही तिच्या बोलण्यात आला नव्हता.

संध्याकाळी तिने भाऊजीला जिन्यातच गाठलं.

"भाऊजी, पंप रिकामा झाला होता."

"कुठला पंप?"

"शिंपीणबाईचा. दोन मिनिटं चाळीस सेकंद ती जागी होती."

"दोन चाळीस? एवढा वेळ कसा होईल, मी लगेच..." तो थांबला. जिन्यातला दिवा आपोआप विझला, त्याने हात उंचावून तो पुन्हा लावला. मग त्याचा आवाज बदलला. "वहिनी, तुम्ही तंत्रज्ञ आहात. डॉक्टर नाही. कातडीवरच्या रेघा बघून माणूस जागा की झोपलेला हे तुम्ही ठरवणार?"

"तिने मला शब्द सांगितले. न विचारता."

"तिने सर्जनचा शब्दही सांगितला. तोही खरा का?"

"तो खोटा आहे. पण हे खरं आहे."

"म्हणजे सोयीचं ते खोटं आणि माझ्या मानेवर बसेल ते खरं!" तो दोन पायऱ्या वर गेला आणि वळला. "नोंदीत नाही लिहिलं मी. का नाही लिहिलं ते तुम्हाला कळणार नाही. एक ओळ लिहिली असती तर वीस वर्षं पाण्यात. दादाला सांगतो मी. तोच बोलेल तुमच्याशी."

दादा, म्हणजे तिचा नवरा, जेवताना बोलला. हा माणूस आयुष्यात कोणाशी भांडला नव्हता, आणि त्याचा तिला कधीकधी संताप यायचा.

"चौकशी समितीसमोर तुला पोट उघडतानाचं विचारतील. तेवढंच सांग. विचारलं नाही ते कशाला सांगायचं?"

"बाई जागी होती हो."

"होती. आता बरी आहे ना? जखम भरली ना? तो माझा भाऊ आहे. आई गेली तेव्हा माझ्या मांडीवर होता तो."

"आता तुमच्या डोक्यावर बसलाय."

त्याने ताट सरकवलं. "एवढ्या वर्षांत तू माझ्या माणसांबद्दल एक चांगला शब्द काढला नाहीस. तुला संधीच हवी होती."

हे मात्र तिला लागलं, कारण त्यात थोडं तथ्य होतं. भाऊजीचा तोरा, जावेचं वरच्या मजल्यावरून बोलणं, सगळं तिने वर्षानुवर्षं गिळलं होतं. आपण खरं बोलायला निघालोय की उट्टं काढायला? भांडी घासता घासता तिने स्वतःला दोनदा विचारलं. उत्तर काहीही आलं तरी आलेख तोच राहत होता. मग तिने विचारणं सोडून दिलं.

चौकशी सोमवारी झाली. लांबट खोली, लांबट टेबल. मधे अधीक्षक, एका बाजूला सर्जन आणि भाऊजी, दुसऱ्या बाजूला शिंपीणबाई एकटी, मांडीवर पिशवी घट्ट धरून. मोठ्या बाई भिंतीकडच्या खुर्चीत होत्या. आदल्या आठवड्यात तारामावशीने त्यांना सगळं दाखवलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "अभ्यास बंद पडेल. पण आलेख बदलत नाही आपण."

अधीक्षकांनी घसा साफ केला. "मुद्द्याचं एकच सांगा. पोट उघडताना पेशंटला ऐकू येणं शक्य होतं का?"

"नाही," तारामावशी म्हणाली. "आवाज कानामागच्या भागापर्यंत जात होता. पुढे जोडणी तुटलेली होती. शिवाय कानात इअरफोन होते. आणि सर्जन त्या दिवशी बोललेच नाहीत. मी तिथेच होते."

सर्जन खुर्चीत मागे रेलला. शिंपीणबाईचा चेहरा लाल झाला.

"मग ते गादीचं मी कुठून आणलं? स्वप्नातून?"

"ते त्यांनी तपासणीच्या रांगेत म्हटलं होतं. तारा लावताना तुम्हीच मला सांगितलंत."

"विश्वासाने सांगितलं होतं!" शिंपीणबाई उभी राहिली. "बायकोमाणूस म्हणून सांगितलं. त्याचीच सुरी केलीस माझ्यावर? कितीला विकली गेलीस गं?"

"रांगेतलं बोलणंही बोलणंच आहे," तारामावशी अधीक्षकांना म्हणाली. "तेही लिहून घ्या."

"तो आजचा विषय नाही," अधीक्षक कागद गोळा करू लागले. "आभारी आहोत."

"माझं संपलं नाही."

"आम्ही विचारलं तेवढं..."

"एकेचाळिसाव्या मिनिटाला त्या जाग्या होत्या." अधीक्षकांनी गोळा केलेले कागद पुन्हा खाली ठेवले. "दोन मिनिटं चाळीस सेकंद. औषधाचा पंप रिकामा होता आणि अलार्म मुका केलेला होता. त्या वेळात कानात पडलेले दोन शब्द त्यांनी मला न विचारता सांगितले. हा आलेख, ही शब्दांची नोंद. पंप बदलताना मी भाऊजींना... डॉक्टरांना डोळ्यांनी पाहिलं."

भाऊजी सावकाश उठला. त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही.

"साहेब, पेशंटच्या कपाळावर मी नेहमी एक पट्टी लावतो. भूल उतरायला लागली तर ती आकडा दाखवते. त्या दिवशी ती लावलेली नव्हती. का नव्हती? कपाळाची जागा या बाईंच्या तारांनी अडवली होती. माझे डोळे बांधायचे आणि वर विचारायचं, ठेच का लागली!"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. हे तिने चार दिवस मनात ढकलत आणलं होतं.

"खरं आहे," ती म्हणाली. "पट्टी मी लावू दिली नाही. तेही लिहा. आणि सिरिंज बदलताना पाहूनही मी काही बोलले नाही, तेही लिहा."

"आता साळसूदपणा!" भाऊजी म्हणाला.

या सगळ्यात शिंपीणबाई उभीच होती. तिला मुद्दा कळायला थोडा वेळ लागला, आणि कळला तेव्हा तिने विचारलं ते भलतंच.

"म्हणजे हा सुटला?" तिने सर्जनकडे बोट केलं.

सर्जन घड्याळ बघत होता.

"मी जागी होते हे खरं. आणि तरी माझं म्हणणं खोटं." ती तारामावशीकडे वळली. "असला न्याय तुझ्या घरी ने."

निकाल पंधरवड्यात लागला. भाऊजीला तीन महिने ऑपरेशन थिएटरबाहेर बसवलं. अलार्म मुका करू नये असं पत्रक भिंतीला चिकटलं. अभ्यास थांबवला. सर्जनला काही झालं नाही; त्याने थिएटरमध्ये पेढीवरल्या मालकासारखं मिरवायचं सोडलं नाही. तारामावशीची बदली तळघरात, लहान मुलांचे कान तपासायच्या खोलीत झाली. कागदावर कारण लिहिलं होतं, 'कामाच्या सोयीसाठी'.

घरी जावेने जिन्याला मधे दार बसवून घेतलं. सुतार दोन दिवस ठोकत होता आणि थोरला भाऊ खाली मान घालून ते ऐकत होता. बायकोशी तो बोलायचा, पण पाहुण्याशी बोलावं तसं. "जेवण तयार आहे का?" "मी बाहेर जातोय." तिने दोनदा भांडण उकरून पाहिलं, भांडला असता तर बरं वाटलं असतं. तो भांडला नाही. एकदाच, बूट घालता घालता, म्हणाला, "तू खोटं बोलली नाहीस, हे मला ठाऊक आहे. मला ते पुरत नाही, एवढंच."

तिसऱ्या महिन्यात शिंपीणबाई तळघरात आली. बाहेर बाकावर मुलं आणि आया बसल्या होत्या. ती रांग ओलांडून थेट आत शिरली आणि दार लावून उभी राहिली. अंगाने उतरली होती.

"बसा," तारामावशी म्हणाली.

"बसायला नाही आले. तुझ्यामुळे तो सुटला."

"तो बोलला नव्हता त्या दिवशी. खोटं सांगायला हवं होतं का मी?"

"हो," शिंपीणबाई म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही. "त्याने रांगेत माझी लाज काढली ती खरीच होती ना? मग कुठे काढली याने काय फरक पडतो? एक दिवस त्याला घाम फुटला असता."

"झोप लागते का?" तारामावशीने विचारलं.

"तुला काय करायचंय? तुझा तो अभ्यास बंद झाला ना?" मग, भिंतीकडे बघत, "डोळा लागतो. बरोबर तेवढ्यात छाती दाबते. शिलाई वाकडी जाते. गणवेशाची अर्धी ऑर्डर परत गेली."

"यावर उपचार असतात. मी एका डॉक्टरबाईंचं नाव देते."

"नाव नको. कागद दे." तिने पिशवीतून कोरा कागद काढला. "मी जागी होते असं लिहून दे. तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीने. रुग्णालयाने दिलेल्या निकालात 'थोडा काळ भूल हलकी झाली' असं लिहिलंय. हलकी! मी कोर्टात जाणार."

"मला परवानगी नाही बाहेर लिहून द्यायची. नोकरी जाईल."

"माहितीये मला. म्हणून तर विचारतेय, देतेस की नाही?"

बाहेर एक मूल रडायला लागलं. तारामावशीने कागद घेतला, टेबलावरचा मुलांच्या खेळण्यांचा पसारा बाजूला सारला आणि लिहायला बसली. चार ओळी लिहायला तिला बराच वेळ लागला. शिंपीणबाईने कागद उचलून वाचला, भुवई चढवली आणि परत पुढ्यात टाकला.

"'सुमारे अडीच मिनिटं' काय? नीट लिही. सेकंदासकट."

तारामावशीने ते खोडलं, दोन मिनिटं चाळीस सेकंद असं लिहिलं आणि खोडलेल्या जागी छोटी सही केली. शिंपीणबाईने कागदाची चौघडी घातली, पिशवीत तळाशी ठेवली. आभाराचा शब्द नाही, निरोपाचा नाही. दार उघडं टाकून गेली.

तारामावशी उठून दारात आली आणि पहिल्या मुलाला आत बोलावलं.